तू मला न दाखवलेली जागा

किसन, तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, गंगाखेडला तुझ्या ओसरीवर बसून, मी खोटं बोललो. महत्त्वाचं असेल ते पहिल्या ओळीत घ्यावं, असं मी नव्या वार्ताहरांना शिकवत आलो. म्हणून हे पहिल्या ओळीत घेतलं.

ओसरीवर आम्ही पाच जण होतो. सुमनवहिनी, तुझी मुलगी उषा, वर्षानुवर्षं तुझ्याबरोबर एसटी चालवलेले यासीनभाई, डोंगरातून पायी उतरून आलेला एक म्हातारा मेंढपाळ आणि मी. म्हाताऱ्याला इथं नागोजी म्हणतो. ते त्याचं नाव नाही. बोलणं दवाखान्यावरून सुरू झालं आणि डोंगरावर गेलं. तुझ्याबद्दलचं कुठलंही बोलणं शेवटी तिकडंच जायचं. यासीनभाई म्हणाले, "कपारीचं ते पानी साहेब! मे महिन्यात बी बरफ. अपन तर चार बार गेलो." उषा म्हणाली, सातवीत असताना बाबांनी तिला तिथं नेलं होतं आणि उतरताना तिची चप्पल तुटली होती. वहिनी दोनदा जाऊन आल्या होत्या.

त्या रांगेत मी तुझ्याबरोबर बारा वर्षं फिरलो. या कपारीबद्दल मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोंगराचा विषय निघाला की लोक माझ्याकडं पाहतात, कारण आमच्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीत या डोंगरवाटांवर एकोणीस लेख आले आणि ते माझ्या नावानं आले. मी मान हलवली. म्हणालो, "हो, गोड पाणी आहे."

नागोजी तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला. "गोड न्हाई साहेब. तुरट हाय. वर बेहडा हाय न्हवं, त्याचा पाला कुजून कुजून."

वहिनींनी रिकामे कप उचलले. त्या क्षणी मला तुझ्या जाण्याचं दुःख नव्हतं, हेही लिहून टाकतो. यासीनभाई चार वेळा, वहिनी दोनदा, उषा एकदा, मी एकदाही नाही. डोक्यात एवढंच होतं.

आपली ओळख मुक्कामाच्या गाडीत झाली. संध्याकाळी गंगाखेडहून निघणारी, घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावरच्या शेवटच्या गावात रात्रभर थांबणारी आणि दुसऱ्या दिवशी दहाला परतणारी. त्या गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढं येईल. आगारातले बाकीचे कंडक्टर ही ड्युटी टाळायचे. तिथं ना हॉटेल, ना पंखा, हापशाचं पाणी गढूळ. तू ती मागून घ्यायचास. मी पाणीटंचाईवर लिहायला आलो होतो आणि शाळेच्या ओसरीवर झोपलो होतो. उजाडताना तू माझ्या पायाशी येऊन उभा राहिलास.

"पेपरवाले, गाडी दहाला हाय. तवर डोंगर बघायचाय, का झोपूनच पानीटंचाई लिहायची?"

त्यानंतर महिन्यातले एक-दोन शनिवार मी त्या गाडीनं येत राहिलो. पाणीटंचाईची बातमी एकदाच लागली.

चालतानाही तू कंडक्टरच होतास. मोठं झाड आलं की हात वर करून थांबायचास. "अंजनाचा थांबा! उतरनारे कोनी?" मग मागं वळून मला बोटानं मोजायचास. "एक शिट. जाऊ द्या." आणि तोंडानं दोनदा घंटी वाजवायचास. पहिल्यांदा मला हसू आलं. पुढं पुढं, तू वळून मोजलं नाहीस तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

वाटा तू दाखवल्यास आणि त्या मी लिहिल्या. गावामागच्या मुरमाड बरडावरून चढलं की सालईचा दांड, म्हणजे डोंगराची लांब सोंड, लागतो. साल कागदासारखी सुटलेली ती झाडं उन्हाळ्यात उघडी होऊन ओळीनं उभी असतात. दांडाच्या टोकाला बोलका कडा. गुराखी तिथून हाक देतात, ती समोरच्या डोंगरावरून परत येते, आणि चुकलेली गाय दोन्हीकडून हाक ऐकून मधल्या लवणात तशीच उभी राहते. लवण म्हणजे दोन चढांमधली ओल धरणारी खोलगट जागा. फाल्गुनात तिथं पळसाखालून चालताना आपले हातसुद्धा केशरी दिसतात. त्यापुढं खिंड. खिंडीत दगडांची एक रास आहे आणि येणाऱ्यानं तिच्यावर एक दगड ठेवायचा असतो. तू छोटासा ठेवायचास. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "रोजचा पासवाला हाय मी. पासवाल्याला एवढाच."

वाट हरवली की मी उंचावर जाऊन चौफेर बघायचो. तू खाली बघायचास. "जनावर चढाला सरळ जात न्हाई. शेन बघा, वाट घावंल." आणि घावायची. धावड्याला डिंक कुठल्या बाजूनं फुटतो, घोरपड कुठल्या खडकावर ऊन खाते, बिब्ब्याच्या झाडाखाली का बसू नये, हे तुला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. माझ्याकडं वही होती, घड्याळ होतं, सर्व्हेचा नकाशा होता. मी पावलं मोजायचो. शाळेपासून बोलक्या कड्यापर्यंत बाराशे चाळीस पावलं, असं मी छापलं. तू वाचून म्हणालास, "कशाला एवढं? हाकेच्या अंतरावर म्हना की."

"कुणाच्या हाकेच्या?" मी विचारलं. "माणसागणिक आवाज बदलतो. हे मोजमाप नव्हे."

"ज्याला गरज पडली त्याच्या."

हा वाद आपण पुष्कळदा घातला आणि तो तसाच राहिला. मला अजून वाटतं की माझं बरोबर होतं. पण कुठलंही झाड मला तुझ्याआधी दिसलं नाही. बारा वर्षांत एकदाही नाही. याचा मला राग यायचा, आणि तो मी वही काढून लपवायचो.

एकोणीस लेखांत तुझं नाव एकदाही आलं नाही. प्रत्येक लेखात एक 'स्थानिक मित्र' आहे. त्यानं वाट दाखवली, त्यानं माहिती दिली, त्यानं सांगितलं. संपादक म्हणायचे, लेखात नावांची गर्दी नको. ते खरं आहे. एका नावानं गर्दी होत नाही, हेही खरं आहे. तू कधी तक्रार केली नाहीस. उलट वाटेत कुणी भेटलं की छातीवर हात ठेवून सांगायचास, "राम राम. मी स्थानिक मित्र." समोरच्याला काही कळायचं नाही. मला कळायचं.

आणखी एक. मी तुला 'तू' म्हणायचो आणि तू मला शेवटपर्यंत 'तुमी'. यासीनभाई तुझ्यापेक्षा वयानं मोठे, त्यांना मात्र तू खुशाल 'ए यासीन, गाडी काढ की' म्हणायचास. दर वेळी ते मला टोचायचं. 'मलाही तू म्हण,' एवढंच म्हणायचं होतं. बारा वर्षांत ते मला म्हणता आलं नाही.

आता त्या सकाळबद्दल. भाद्रपद असावा; खिंडीत गवत कमरेएवढं होतं. दगडांच्या राशीजवळ तू बसलास आणि डोंगराकडं बघत, मी काही विचारलेलं नसताना म्हणालास, "अठ्ठ्याहत्तर साली मी चार दिवस इथं वरच होतो."

मी वही काढली. सवय. "वर म्हणजे नक्की कुठं? तारीख काय होती? आणखी कोण होतं? याला दुजोरा देणारं कुणी आहे?"

तू माझ्या पेनाकडं पाहिलंस. मग उठून मागचं गवत झटकलंस. "काय न्हाई. गाडी पंक्चर झाल्ती."

मी लिहून घेतलं: गाडी पंक्चर, चार दिवस. पंक्चर काढायला चार दिवस लागत नाहीत हे मला त्या वेळीही माहीत होतं. पण खुलासा मिळाला होता, आणि खुलासा मिळाला की आम्ही पुढं जातो. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. मीही नाही.

या जानेवारीत मी परभणीहून दवाखान्यात पेपर घेऊन आलो होतो. विद्यापीठाच्या नावाची बातमी पहिल्या पानावर सहा कॉलमांत होती. मथळा मी दिला होता, आणि तो तुला दाखवायला आलो होतो. तू तो दोनदा वाचलास. म्हणालास, "सोळा वरसं लागली बगा." मग डोळे मिटलेस. "वर पानी असंल का आता?"

मला वाटलं तापात बरळतोयस. मी नर्सला बोलावलं.

आता पुन्हा तुझी ओसरी. नागोजीला घाटाखालपर्यंत जाणारी गाडी धरायची होती, तो उठून गेला. मग यासीनभाईंनी सांगितलं. वहिनींनी त्यांना खुणेनं सांगायला लावलं, असं मला वाटतं.

त्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. तुमची गाडी मुक्कामाला गेलेली. सकाळी निरोप आला की रस्ते बंद आहेत, गाडी हलवू नका. तू बौद्ध आहेस हे गावात सगळ्यांना माहीत होतं. दुपारी खालच्या वस्तीतून धूर दिसायला लागला. यासीनभाईंनी तुला टपाच्या शिडीमागून ढकललं आणि डोंगराकडं बोट केलं. "थोड्या टायमानं लोकां आले. काठ्या, रॉकेलचा डबा. बोले, कंडक्टर किधर? मैं बोल्या, उनो तो सुबेच पैदल गये गंगाखेडकू. एकानं गाडीत चढून सगळ्या शिटांखाली वाकून बघितलं. मैं तसाच स्टिअरिंगपे बैठा. चौथ्या दिवशी ये बाबा कपारीतून खाली आला. अंगावर नागोजीचं घोंगडं. मैं बोल्या, कंडक्टर, तिकिट काढ."

त्या चार दिवसांत मी परभणीत पेपरच्या टेबलावर होतो. गावोगावहून आलेल्या बातम्यांच्या तारा लावत होतो. त्या गावातून आमच्याकडं काहीच आलं नाही, आणि जिथून काही आलं नाही तिथं काही घडलं नाही, असं आमच्या टेबलावर धरलं जायचं. आतल्या पानावर 'ग्रामीण भागात परिस्थिती नियंत्रणात' अशी एक चौकट गेली. ती मी लिहिली होती.

"मग मला का नाही नेलं?" मी वहिनींना विचारलं. विचारायला नको होतं. नवरा जाऊन तीनच दिवस झालेल्या बाईला हा प्रश्न विचारणारा माणूस मी आहे.

वहिनी म्हणाल्या, "छापून आलं असतं भाऊजी. नागोजीबाबाला त्याच गावात ऱ्हायचं होतं."

हे कारण मी लगेच स्वीकारलं. हे कारण चांगलं होतं. त्याच्यात माझ्या धंद्याचा दोष होता, माझा नव्हता.

"आन् दुसरं," त्या म्हणाल्या, "ते एकदा सांगायलते तुमाला. घरी येऊन म्हनले, पेपरवाल्यानं पुरावा मागितला."

उषा आत निघून गेली.

मी उठलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता विद्यापीठाचं नाव झालं. नागोजीबाबा बी म्हनतोय, लिहा म्हनावं. पन जागा लिहू नका." आणि मग, "पुढच्या रविवारी आमी सगळे वर जायलोत. त्यांना आवडायचं. तुमी बी चला." मी हो म्हणालो.

आणि आज, शनिवारीच, एकटा गेलो.

कारण लपवत नाही. मला सगळ्यांच्या शेवटी पोचायचं नव्हतं. उद्या यासीनभाई पुढं चालतील, उषा तिची चप्पल कुठं तुटली ते दाखवेल, आणि मी पाहुण्यासारखा मागून येईन. हे मला नको होतं. आज जागा सापडली असती तर उद्या मी माहितगार म्हणून त्यांच्याबरोबर चाललो असतो. एवढ्यासाठी सकाळच्या गाडीनं गेलो. तिकीट द्यायला एक तरुण कंडक्टर होता. त्यानं मला ओळखलं नाही.

लवणात पळसाचा बहर सरत आला आहे. तिथून मी वर चढायला लागलो. बेहडा शोधायचा, एवढं माहीत होतं. दोन सापडले. दोन्हींखाली कोरडा दगड. तुझ्यासारखं शेण बघत चाललो, तर शेण चारी दिशांना होतं. कपारी दिसत होत्या, त्यांत हात घालून बघत होतो. एकीतून वटवाघळं उडाली. शर्ट फाटला. डोक्यावर ऊन आलं, पाण्याची बाटली संपली. एकोणीस लेख लिहिलेल्या माणसाला त्या डोंगरात घोटभर पाणी सापडेना.

चार तासांनी परत फिरलो तेव्हा समोरच्या उतारावर मेंढरं दिसली. त्यांच्यामध्ये, धावड्याच्या सावलीत, नागोजी बसला होता.

"कधीपासून बसलाय?" मी विचारलं.

"तुमी पळसातून निघालात तवापासून." त्यानं पाण्याचा भोपळा पुढं केला. "दोनदा लय जवळून गेलात."

"मग हाक का नाही मारली?"

तो मेंढरांकडं बघत राहिला. "तुमी हुडकायलात का लपायलात, काय कळंना."

मी पाणी प्यायलो. म्हणालो, "हुडकत होतो."

"मंग उद्या या की. सगळ्यांसंगं."

तिथं गप्प बसायला हवं होतं. पण सवय. "किसनच्या वेळी कसं कळलं तुम्हाला?"

"तवा काय इचारायचं? पळत येनारा मानूस दिसतोच की. मनगट धरलं आन् न्हेलं."

"नाव विचारलं?"

"तिसऱ्या दिवशी. भाकर देताना हाक काय मारावी, म्हून."

किसन, तुला बघितल्याबरोबर त्यानं मनगट धरलं. मला त्यानं चार तास बघितलं आणि त्याला ठरवता आलं नाही. खाली उतरताना मला याचाही हेवा वाटत होता. अर्ध्या वाटेवर मी थांबलो. जिवाच्या भीतीनं तू ज्या कपारीत बसलास तिचा मी हेवा करत होतो. मला तो करता येतो, कारण त्या चार दिवसांत मी पंख्याखाली बसून चौकट लिहीत होतो.

हे गंगाखेडच्या स्टँडवर बसून लिहितो आहे. हेवा गेला म्हणून लिहिलं तर ते खोटं होईल. तो आहे. यासीनभाईंच्या चार खेपांचा आहे, उषाच्या चपलेचा आहे, तू त्यांना ज्या आवाजात हाक मारायचास त्या आवाजाचा आहे. पण तू मला बारा वर्षं सकाळी उठवायला येत राहिलास. पुरावा मागणाऱ्या माणसाला उठवायला येत राहिलास. याचे आभार तुझ्यासमोर कधी मानले नाहीत.

नागोजी उद्या बोलता बोलता सांगेल की साहेब काल एकटेच येऊन गेले. सांगू नका, असं त्याला म्हणायला मी उतारावरून दोनदा मागं वळलो. म्हणालो नाही. त्यानं सांगावं. वहिनींना कळेल का गेलो ते, उषालाही कळेल, यासीनभाई बहुतेक हसतील. मग मी सगळ्यांच्या मागून चालेन. वर जे असेल त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तुला ते ठाऊकच आहे.